गावकुसाबाहेरचा धूर : एका उत्सर्जन-आराखड्याची समीक्षा

१

कवितासंग्रहाची, कादंबरीची, फार तर आत्मकथनाची समीक्षा या पानांवर वाचण्याची आपल्याला सवय आहे. मी येथे समीक्षा करणार आहे ती एका आराखड्याची. एखाद्या संस्थेने आपल्या कारभारातून हवेत जाणारे हरितगृह वायू कसे कमी करावेत, हे सांगणारा हा बारा पानांचा दस्तऐवज आहे. त्यात वेदना नाही, विद्रोह नाही, प्रतिमा नाहीत. मग त्याची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील.

माझे उत्तर असे की, ज्या लिखाणाला लेखकच नाही असे वाटते, त्याच लिखाणाने आपल्या लोकांवर सर्वाधिक सत्ता गाजविली आहे. गावाचा नकाशा कोणी काढला, वतनाच्या नोंदी कोणी केल्या, वस्तीला जागा कोणत्या दिशेला नेमून दिली, हे लिहिणाऱ्याचे नाव कोणाला आठवत नाही. त्या लिखाणाचे परिणाम मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले. कवितेला निदान टीकाकार असतो. आराखड्याला फक्त मंजुरी असते. म्हणून त्याची समीक्षा अधिक निकडीची आहे.

या प्रकरणातला लेखक मात्र मला ठाऊक आहे. तो मीच आहे.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवितो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. नॅकच्या मूल्यांकनासाठी आमच्या महाविद्यालयाला हरित लेखापरीक्षा आणि तिच्या जोडीला उत्सर्जन कमी करण्याचा आराखडा हवा होता. समिती नेमली गेली. भूगोलाचे सहकारी अध्यक्ष, भौतिकशास्त्राचे एक सदस्य, कार्यालयीन अधीक्षक, आणि मराठीचा माणूस म्हणजे लिहिता हात, म्हणून मी सदस्य-सचिव. आठ दिवसांत मी मसुदा लिहून दिला. सर्वांनी भाषेची तारीफ केली. त्या मसुद्याच्या नवव्या पानावर एक वाक्य आहे : 'परिसरात पालापाचोळा जाळणाऱ्या सफाई कामगारांवर दंडात्मक कारवाई करण्यात यावी.'

माझी आई एका शाळेत रोजंदारीवर झाडीत असे. थंडीच्या दिवसांत झाडून झाले की ती पाल्याचा ढीग पेटवी, त्यावर हात शेकी आणि मग मला घेऊन घरी येई. त्या आईच्या मुलाने हे वाक्य लिहिले, आणि लिहिताना त्याचा हात अडखळला नाही. हे कसे घडले, याचा शोध घेण्यासाठी मी माझाच मसुदा समीक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचला.

२

प्रथम या लेखनप्रकाराची घडण समजून घेतली पाहिजे. ती न समजता शिव्या देणे सोपे आहे आणि निरुपयोगीही आहे.

संस्थेच्या उत्सर्जनाचा हिशेब आज जगभर ज्या रीतीने मांडला जातो, तिचे नाव 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल'. अमेरिकेतील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि मोठ्या उद्योगांची वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोघांनी मिळून २००१ मध्ये तिची पहिली आणि २००४ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. रीत थोडक्यात अशी : आधी संस्थेची सीमा ठरवायची. मग एक आधारवर्ष धरायचे. त्या वर्षात काय काय जाळले, किती वीज घेतली, हे बिलांवरून काढायचे आणि प्रत्येकाला ठरलेल्या गुणकाने गुणायचे. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. घरगुती गॅसची १४.२ किलोची टाकी संपली की सुमारे ४२ किलो. आपल्या देशातील जाळ्यातून येणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, कारण ही वीज अजून प्रामुख्याने कोळशावर होते. या साऱ्याची बेरीज म्हणजे संस्थेचे उत्सर्जन. ते अमुक वर्षापर्यंत अमुक टक्क्यांनी कमी करू, हे लक्ष्य. ते कसे करू, हा आराखडा.

हिशेबात तीन व्याप्ती असतात. संस्था स्वतः जे जाळते किंवा सोडते ती पहिली : जनित्राचे डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, मालकीच्या गाडीचे इंधन, वातानुकूलन यंत्रातून गळणारा वायू. विकत घेतलेली वीज ही दुसरी. उरलेले सारे तिसऱ्या व्याप्तीत : इमारतीचे सिमेंट, खरेदी केलेला माल, कंत्राटदाराच्या गाड्या, नोकरांचे येणेजाणे, बाहेर टाकलेल्या कचऱ्याचे पुढे जे होते ते. पहिल्या दोन व्याप्ती सक्तीच्या, तिसरी ऐच्छिक. तिच्यासाठी स्वतंत्र नियमावली आली ती २०११ मध्ये, आणि तीत पंधरा प्रकार आहेत. सेबीने २०२१ मध्ये आपल्याकडील सर्वांत मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांसाठी जो अहवाल आखला आणि २०२२-२३ पासून सक्तीचा केला, त्यातही पहिल्या दोन व्याप्तींचे आकडे आवश्यक होते. तिसरीचे देणे कंपनीच्या इच्छेवर होते. पुष्कळ उद्योगांच्या बाबतीत उत्सर्जनाचा सर्वांत मोठा हिस्सा याच तिसऱ्या व्याप्तीत सापडतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या पद्धतीबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो. हिशेब मागणे ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. 'आम्ही निसर्गावर प्रेम करतो' असे म्हणणाऱ्या संस्थेला 'डिझेलच्या पावत्या दाखवा' असे म्हणता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. या पद्धतीची पाच तत्त्वे आहेत : समर्पकता, पूर्णता, सातत्य, पारदर्शकता आणि अचूकता. पाचही चांगली आहेत. त्या पाचांत न्याय नाही.

आणि पद्धतीची पहिली पायरी कोणती? सीमा आखणे. सीमा आखल्याशिवाय कोणताही हिशेब होत नाही, हे मान्य. परंतु सीमा म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? गावाला कूस होती. कुसाच्या आत गाव आणि बाहेर आम्ही. गावाचे मेलेले ढोर आम्ही ओढले, गावाची घाण आम्ही उचलली. म्हणजे गावाचा सारा व्यवहार आमच्यावर चालला, पण गावाच्या मोजदादीत आम्ही नव्हतो. तिसरी व्याप्ती वाचताना मला ते कूस दिसले. संस्थेच्या स्वच्छतेसाठी जे अत्यावश्यक आणि संस्थेच्या हिशेबात जे ऐच्छिक, तेथे आपले लोक उभे आहेत.

३

आता मसुदा. साहित्याच्या समीक्षेत आपण विचारतो की, येथे बोलतो कोण? त्याच प्रश्नाने सुरुवात केली. माझ्या मसुद्यात एकोणीस उपाय होते. 'करण्यात यावे', 'टाळण्यात यावा', 'बसविण्यात यावीत' अशी त्यांची क्रियापदे. कर्ता नाही. वीज वाचविण्यात यावी. कोणी, ते सांगितलेले नाही. एकोणिसांपैकी तीनच वाक्यांत माणूस स्पष्टपणे आला होता. ती माणसे म्हणजे वसतिगृहातील विद्यार्थी, शिपाई आणि सफाई कामगार. जेथे पैसा खर्च करावयाचा तेथे माणूस अदृश्य. जेथे सवय सोडावयाची, शिस्त पाळावयाची, दंड भरावयाचा, तेथे मात्र माणूस नावानिशी उभा. ही भाषा मी कोठे शिकलो? कोणी शिकविली नाही. कार्यालयाच्या परिपत्रकांतून ती माझ्या हातात आपोआप आली. शिक्षणाने मला वर आणले, आणि वरची भाषाही दिली.

एकेक उपाय पाहू.

पहिला, पंखे. 'वसतिगृहात रात्रीच्या वेळी पंख्यांचा वापर मर्यादित ठेवावा', असे मी लिहिले होते. वसतिगृहात बहुसंख्य मुले मागासवर्गीय, ऊसतोड मजुरांची, भूमिहीनांची. आता हिशेब करू. छताचा साधा पंखा ७५ वॅटचा. तो रोज १० तास, वर्षातील ३०० दिवस चालला, तर २२५ युनिट. म्हणजे सुमारे १६० किलो कार्बन डायऑक्साइड. दीड टनी वातानुकूलन यंत्र तासाला दीड युनिट घेते असे धरून ते दिवसाला ६ तास, २०० दिवस चालले, तर १८०० युनिट. म्हणजे सुमारे १२६० किलो. एक यंत्र म्हणजे आठ पंखे. एका पंख्याखाली तीन मुले झोपतात. एका दालनाचा थंडावा चोवीस मुलांच्या झोपेइतका महाग पडतो, आणि माझ्या मसुद्याने हात घातला तो झोपेला!

एवढेच नव्हे. त्या यंत्रांतील वायू हा स्वतःच हरितगृह वायू आहे. जुन्या यंत्रांत वापरला जाणारा असा एक किलो वायू गळाला, तर त्याचा परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. दर उन्हाळ्यात 'गॅस भरला' अशा पावत्या कार्यालयात लागलेल्या होत्या. पहिल्या व्याप्तीतील, म्हणजे सक्तीची नोंद होती ती. मी ती मागितलीच नाही. प्राचार्यांच्या दालनातील यंत्राचा हिशेब मागण्याचे माझ्या मनातही आले नाही, आणि मुलांच्या पंख्याचे मात्र आले. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास चालणारे पंखे बाजारात मिळतात. ते बसविले तर मुलांची झोप न मोडता निम्म्याहून अधिक वीज वाचते. पण त्याला पैसे लागतात, आणि पैसे म्हटले की कर्ता लागतो.

दुसरा, बंब. थंडीत वसतिगृहाच्या मागे लाकडाचा बंब पेटतो. 'बंब तत्काळ बंद करण्यात यावा', असा उपाय मी सुचविला. त्या जागी काय, हे सुचविले नाही. सकाळी आठच्या तासाला येणाऱ्या मुलाने थंड पाण्याने आंघोळ करावी, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी की, प्रोटोकॉलच्या रीतीने लाकूड जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तीन व्याप्तींच्या बेरजेत धरीतच नाहीत. तो वेगळा नोंदवितात, कारण झाड पुन्हा वाढले तर तो वायू पुन्हा शोषला जातो. म्हणजे बंब विझवूनही आमचा आकडा जवळजवळ हलणार नव्हता. मग मी तो का लिहिला? कारण धूर दिसतो. कोळशाचा धूर परळीला निघतो, तो आमच्या आवारातून दिसत नाही. गरिबाचा धूर नेहमी डोळ्यांसमोर असतो. श्रीमंताचा धूर तारेतून येतो.

तिसरा, पाला. दंडाचे ते वाक्य लिहून झाल्यावर एके सकाळी मी आवारात झाडणाऱ्या मावशींशी बोललो. आमच्याकडे झाडणाऱ्या तिघी आहेत, तिघीही आमच्याच वस्तीतल्या. मी म्हटले, "मावशी, पाला जाळू नका. सरकारचा नियम आहे." त्या म्हणाल्या, "जाळायची मला काय हौस हाय का सर? धूर तर माझ्याच छातीत जातो. पर टाकू कुठं, ते बी सांगा की. घरी नेऊ का?"

नियम खरोखरच आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली. साध्या प्रकाराला पाच हजार रुपये दंड आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार. आणि जाळू नये हेही खरेच आहे, कारण त्या पाल्यात प्लास्टिकच्या पिशव्याही जळतात आणि तो धूर प्रथम मावशींच्या छातीत जातो. परंतु आवारात खड्डा नाही, पाला वाहायला गाडी नाही, कुजविण्यासाठी वेळ मजुरीत धरलेला नाही. या तिन्ही गोष्टी महाविद्यालयाने करावयाच्या होत्या. न केलेल्या कामाचा दंड मी मावशींवर लिहून ठेवला होता.

त्यात आणखी एक मेख होती. मसुदा चर्चेला आला तेव्हा एका सदस्याने सुचविले की, सफाई आणि विद्यार्थ्यांची बस ही दोन्ही कामे कंत्राटाने द्यावीत, म्हणजे डिझेल आणि जाळणे दोन्ही 'आपल्या' हिशेबातून जातील. सूचना सर्वांना पसंत पडली. वस्तुतः प्रोटोकॉललाही ही पळवाट मान्य नाही; काम बाहेर दिले आणि त्याने आकड्यांत मोठा फरक पडत असेल, तर आधारवर्षाचा हिशेबच नव्याने मांडावा, असे त्यात आहे. पण प्रोटोकॉल वाचतो कोण? बस तीच, रस्ता तोच, डिझेल तेवढेच. फक्त धूर कुसाबाहेर गेला. आणि धुराबरोबर तीन बायकांची हजेरीवहीही बाहेर गेली असती. उत्सर्जनाची घट आणि मजुराची हकालपट्टी एकाच ठरावात बसू शकतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

चौथा उपाय मला सर्वाधिक लाज आणणारा आहे. जे उत्सर्जन कमी होणार नाही, त्याच्या भरपाईसाठी 'दत्तक गावाच्या गायरानावर वृक्षारोपण' असे मी लिहिले होते. मराठवाड्यात गायरान या शब्दाला इतिहास आहे. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये जो सत्याग्रह झाला, त्यात असंख्य स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे १९७८ आणि १९९१ च्या शासननिर्णयांनी काही जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करण्याची वाट उघडली. तरी कित्येकांच्या सातबाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. गायरान कागदावर मोकळे असते. प्रत्यक्षात तेथे कोणाची तरी ज्वारी उभी असते, आणि ते कोणीतरी बहुधा आपल्यातलेच असते. आमच्या दालनातील थंडाव्याची भरपाई त्या ज्वारीने करावी, असा माझ्या त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीचा अर्थ होता. झाड लावण्याला कोण विरोध करील? म्हणूनच ती ओळ अधिक घातक होती. आणि हिशेबाच्या दृष्टीनेही ती खोटी होती : रोप लावले त्या दिवशी काहीच शोषले जात नाही, त्याला पुढची कित्येक वर्षे जगावे लागते, शिवाय प्रोटोकॉलनुसार अशी भरपाई वेगळी दाखवावी लागते, उत्सर्जनातून वजा करून आकडा लहान करता येत नाही.

४

हा प्रश्न एका महाविद्यालयापुरता नाही. १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटतर्फे एक पुस्तिका काढली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या अहवालाने हवामान बिघडविण्याच्या जबाबदारीत भारत-चीनसारख्या देशांना बराच मोठा वाटा दिला होता. पुढे हिशेबाचा प्रोटोकॉल काढणाऱ्या दोघांपैकी एक ती हीच संस्था. अगरवाल-नारायण यांनी विचारले की, श्रीमंत देशांतील मोटारीचा धूर आणि पोटापुरते पिकविणाऱ्याच्या भातखाचरातील मिथेन यांना एकाच तागडीत कसे तोलता? समुद्र आणि अरण्ये जेवढे शोषतात त्यावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे. त्यानंतर दोन वर्षांनी हेन्री शू या तत्त्वज्ञाने जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद मांडला.

हे प्रतिपादन आपल्याला जवळचे वाटते, कारण ते समतेच्या भूमिकेवर उभे आहे. परंतु ते देशाच्या सीमेवर येऊन थांबते. 'दरडोई भारतीय' म्हटले की उसाच्या फडातली बाई आणि वातानुकूलित बंगल्यातला माणूस यांची सरासरी निघते, आणि त्या सरासरीच्या आड बंगला लपतो. ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्ये उत्पन्नगटांनुसार हिशेब मांडून हे लपणे उघड केले. मुकुल शर्मा यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात भारतीय पर्यावरण-विचाराला जातीचा प्रश्न विचारला. देशाबाहेर जो न्याय आपण मागतो, तो संस्थेच्या आवारात लागू करावयाचा की नाही, एवढाच आता प्रश्न आहे.

मुंबई महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ चे शहराचे उत्सर्जन त्यात सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरले आहे. त्यातील सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा वीज व इतर ऊर्जेचा, सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा आणि दहा टक्क्यांहून कमी वाटा कचऱ्याचा. २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे लक्ष्य आहे. झोपडवस्त्यांना पूर आणि उष्म्याचा धोका अधिक, हे त्या आराखड्याने नोंदले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण 'कचरा' या रकान्यात टनांखाली कोण गाडले गेले आहे? देवनारच्या कचराभूमीवर शहराचा कचरा १९२७ पासून पडतो आहे. त्याच वर्षी महाडला आपण तळ्याच्या पाण्याला हात लावला. महाडचे पाणी सार्वजनिक आहे हे सिद्ध करायला सत्याग्रह लागला. देवनारची घाण मात्र न भांडता आपल्या वाट्याला आली. जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग लागली, शहरभर धूर पसरला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, तेव्हा त्या धुराची बातमी झाली. त्याआधी आणि त्यानंतर तो धूर भोवतालच्या वस्त्यांचा खाजगी प्रश्न होता.

कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस पटींहून अधिक उष्णता धरतो. हा मिथेन कमी करण्याचा मार्ग म्हणजे ओला-सुका वेगळा करणे. ते काम कोणत्याही आराखड्याच्या आधीपासून कोण करीत होते? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहून दारोदार कचरा गोळा करू लागली. यातील बहुसंख्य स्त्रिया दलित. त्यांनी भट्टीकडे परत पाठविलेला प्रत्येक किलो पत्रा म्हणजे नव्याने न वितळविलेले लोखंड. उत्सर्जन कमी करणारे जुने आणि अनुभवी कामगार त्या आहेत. आराखड्यात मात्र त्या 'लाभार्थी' किंवा 'असुरक्षित गट' म्हणून येतात, जाणकार म्हणून येत नाहीत.

आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, "हा प्रश्न आपला नाही. आधी वीज तर येऊ द्या, मग वाचवू." या आक्षेपात तथ्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, त्यांनी विजेच्या धोरणाची सांगड औद्योगिकीकरणाशी आणि औद्योगिकीकरणाची सांगड दारिद्र्यातून सुटकेशी घातली होती. स्वस्त आणि भरपूर वीज ही त्यांच्या दृष्टीने मुक्तीची सामग्री होती. आपण ती मागणी सोडता कामा नये. पण वाढत्या उन्हात उघड्यावर काम कोण करते? रस्ता झाडणारा, वीटभट्टीवरचा, ऊस तोडणारा. २०१५ च्या दुष्काळात परळीचे वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. ज्या कोळशाच्या विजेवर आपण विसंबतो, तीही या तहानेतून सुटत नाही. म्हणून प्रश्न आपला आहेच. तो दुसऱ्यांनी मांडला की आपल्या अंगावर येतो, एवढाच अनुभव आहे.

५

मग चांगला आराखडा कसा असावा? मी नव्याने लिहिताना पाच गोष्टी धरल्या. एक, प्रत्येक उपायाला कर्ता आणि खर्चाचा रकाना. ज्याच्या हाती अंदाजपत्रक त्याचे नाव प्रथम. दोन, कपात मोठ्या वापरापासून सुरू व्हावी : वातानुकूलन, वायूची गळती, जनित्र, पंपाची मोटार, पंखा आणि आंघोळीचे पाणी यांना कपात नाही, फक्त सुधारणा. तीन, कंत्राटाने बाहेर दिलेले प्रत्येक काम तिसऱ्या व्याप्तीत मोजावे आणि आधारवर्षही तसे दुरुस्त करावे. चार, कोणत्याही उपायाने कोणाची मजुरी जाता कामा नये. आणि गायरानावर भरपाईची झाडे नाहीत, लावावयाची ती आवारात. पाच, समितीत झाडणाऱ्यांची एक प्रतिनिधी आणि वसतिगृहातील एक मुलगा असावा.

त्यांतले काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वायूच्या पावत्या हिशेबात आल्या, अधीक्षकांनीच त्या काढून दिल्या आणि म्हणाले, "सर, तुम्ही मागितल्याच नव्हत्या." गायरानाची ओळ वगळली गेली. बंबाच्या जागी सौर बंब बसेपर्यंत जुना चालू राहावा, हे मान्य झाले. कंत्राटाची सूचना 'पुढील बैठकीत विचारार्थ' ठेवली आहे. याचा अर्थ आपण सारे जाणतो. समितीत मावशींना घेण्याच्या मुद्द्यावर कोणी विरोध केला नाही. फक्त त्यांना बैठकीचे पत्र गेले नाही. त्याबद्दल मी माझे भिन्नमत लेखी दिले आहे.

नवव्या पानावरचे वाक्य मी असे बदलले : 'पालापाचोळा कुजविण्यासाठी महाविद्यालय खड्डा, फावडी व गाडी पुरवील आणि सफाई कामगारांना त्यासाठी मजुरीच्या वेळेतील रोज एक तास देईल, याची जबाबदारी प्राचार्यांची राहील.' वाक्य मंजूर झाले. छापून आले तेव्हा शेवटच्या स्वल्पविरामापुढचे शब्द त्यात नव्हते.

खड्डा मात्र खणला गेला आहे. पहिल्या पावसाच्या आधी मावशींनी त्यात दोन थर टाकले, आणि कोणता पाला लवकर कुजतो, हे भूगोलाच्या सरांना त्यांनीच सांगितले.

या पानांचे वाचक आज बँकांत, जिल्हा परिषदांत, महामंडळांत, शाळा-महाविद्यालयांत आहेत. असा आराखडा आज ना उद्या त्यांच्या टेबलावर सहीसाठी येईल. सही करण्याआधी त्यांनी तो कवितेइतक्या काळजीने वाचावा : सीमा कोठे आखली आहे, कर्ता कोठे गाळला आहे, आणि दंड कोणाच्या नावावर लिहिला आहे. मी पहिल्या वेळी वाचला नव्हता.